जलरंगातील भूदृश्य आणि त्याचे वाचन

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील एखाद्या खेड्याचे जलरंगात केलेले रेखाटन पाहताना प्रथम लक्षात येते ती त्यातील शांतता. मागे फिकट निळ्या डोंगरांची रांग, मध्ये ओढा किंवा सरोवर, कडेला गवताने शाकारलेली दोनचार दगडी घरे आणि वर ढगांनी भरलेले आकाश, एवढीच सामग्री असते. असे चित्र सहसा पुस्तकाच्या पानाहून मोठे नसते. चित्रकाराने ते तास-दोन तासांत संपविलेले असते आणि पुष्कळदा त्यावर स्थळाचे नाव व तारीख यांखेरीज काहीच लिहिलेले नसते. तैलचित्राच्या तुलनेत हा प्रकार किरकोळ समजला जातो. परंतु ज्याला हे चित्र वाचता येते त्याला ते एका प्रदेशाच्या जमिनीचा, तेथील माणसांचा आणि चित्र काढणाऱ्याच्या नजरेचाही इतिहास सांगते. तीच नजर, तोच कागद आणि तीच रंगपेटी पुढे भारतात आली आणि दख्खनचे डोंगर, घाट व खेडी कागदावर उतरली. म्हणून हे वाचन मराठी वाचकालाही परके नाही.

येथे रेखाटन आणि पूर्ण चित्र यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. पूर्ण चित्र प्रदर्शनासाठी किंवा ग्राहकासाठी तयार होते. त्यात आकृत्यांची मांडणी विचारपूर्वक बदललेली असते आणि नको असलेला भाग वगळलेला असतो. रेखाटन हे चित्रकाराचे टिपण होय. ते तो स्वतःसाठी, प्रत्यक्ष जागेवर बसून आणि ढग सरकण्यापूर्वी करतो. त्यामुळे त्यात सफाई कमी असली तरी साक्षीचे मूल्य अधिक असते. तथापि साक्षीदारही जे पाहतो ते आपल्या सवयीप्रमाणे पाहतो, हे विसरून चालत नाही.

मोजणीदारांची कला

डोंगर-दऱ्यांचे चित्रण ही निवांत रसिकतेतून जन्मलेली कला असावी, असे आपल्याला वाटते. स्कॉटलंडमध्ये मात्र तिच्या मुळाशी युद्ध आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत स्ट्युअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या बंडखोरांचा पराभव झाला. हे बंडखोर मुख्यतः उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशातील, म्हणजे हायलँड्समधील होते. विजयी झालेल्या सरकारी सैन्याला तेव्हा असे आढळून आले की, ज्या मुलखावर ताबा ठेवावयाचा त्याचा विश्वसनीय नकाशाच आपल्याजवळ नाही. म्हणून १७४७ मध्ये स्कॉटलंडची लष्करी मोजणी सुरू झाली आणि ती १७५५ पर्यंत चालली. या कामाची धुरा विल्यम रॉय या तरुण स्कॉटिश मोजणीदारावर होती.

या मोजणीचे नकाशे हाताने रंगविलेले आहेत. पाण्यासाठी निळसर हिरवा, रानासाठी हिरवा, लागवडीच्या जमिनीसाठी पिवळा आणि घरांसाठी तांबडा असे रंग त्यांत वापरले आहेत. डोंगरांची चढण दाखविण्यासाठी करड्या रंगाचा पातळ थर कुंचल्याने कमीअधिक गडद करीत नेलेला आहे. समोच्चरेषांची पद्धत तेव्हा प्रचारात आली नव्हती. त्यामुळे डोंगराचा उठाव दाखविण्याचे काम चित्रकाराच्या हातालाच करावे लागे. या कामावर नेमलेला एक तरुण आरेखक पॉल सँडबी हा होय. मोजणीच्या काळातच तो एडिंबरो आणि आसपासच्या प्रदेशाची स्वतंत्र रेखाटने करू लागला. पुढे त्याला इंग्लिश जलरंग-भूदृश्याचा एक जनक मानले गेले. १७६८ पासून १७९६ पर्यंत त्याने वुलिच येथील लष्करी विद्यालयात चित्रकला शिकविली. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला शत्रूचा मुलूख पाहून त्याचे अचूक चित्र काढता आले पाहिजे, हा त्या शिक्षणाचा हेतू होता.

ईस्ट इंडिया कंपनीनेही हाच धडा गिरविला. तिने आपल्या सैन्यातील भावी अधिकाऱ्यांसाठी लंडनजवळ अ‍ॅडिसकोम येथे विद्यालय काढले. ते १८०९ पासून १८६१ पर्यंत चालू होते आणि तेथेही चित्रकला हा शिक्षणाचा नियमित विषय होता. भारतात आलेल्या कितीतरी इंजिनियर व तोफखाना अधिकाऱ्यांच्या वह्यांत किल्ले, नद्यांचे उतार आणि घाटवाटा यांची जलरंगातील रेखाटने सापडतात त्याचे कारण हे आहे. चित्र काढणे हा त्यांचा छंद होता, तसाच तो त्यांच्या नोकरीचाही भाग होता. १८१५ मध्ये भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झालेला कॉलिन मॅकेंझी हा स्कॉटलंडच्या वायव्येकडील ल्यूइस बेटावरचा होता. दक्षिण भारतात हिंडताना त्याने आणि त्याच्या हाताखालील आरेखकांनी केलेल्या रेखाटनांचा मोठा संग्रह आज लंडनमध्ये आहे.

कागद, डिंक आणि रंग

या चित्रांचे स्वरूप त्यांच्या साहित्याने ठरविलेले आहे. जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य डिंकाच्या पाण्यात कालवून तयार केलेला रंग. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडांचा असतो. तो रंगाचे कण कागदाला चिकटवून ठेवतो. तैलरंगात पांढरा रंग मिसळून उजळपणा आणता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड येतो तो कागदातून. रंगाचा थर काचेसारखा पातळ असतो. प्रकाश त्यातून आरपार जाऊन पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून जलरंगात प्रथम उजळ भाग व नंतर गडद भाग रंगवावे लागतात. जेथे ढग किंवा चमकणारे पाणी दाखवावयाचे तेथे कागद कोराच राखावा लागतो. एकदा गडद झालेला भाग पुन्हा उजळ करणे अवघड असते. त्यामुळे या माध्यमात धांदरटपणा खपत नाही आणि फार वेळ रेंगाळताही येत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रकाराला हे रंग स्वतः खलावे लागत. लंडनच्या रीव्ह्झ बंधूंनी पाण्यात घासताच सुटणाऱ्या रंगाच्या वड्या बनविल्या आणि १७८१ मध्ये त्याबद्दल त्यांचा सन्मान झाला. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या विन्झर अँड न्यूटन या कंपनीने ग्लिसरीन घालून ओलसर राहणाऱ्या वड्या प्रचारात आणल्या आणि १८४० नंतरच्या दशकात धातूच्या नळीतील जलरंग बाजारात आले. कागदातही अशीच सुधारणा झाली. केंट परगण्यातील जेम्स व्हॉटमन याने १७५७ च्या सुमारास जाळीच्या रेघा न उमटलेला गुळगुळीत कागद तयार केला. त्यावर सरसाचा हात दिल्यामुळे रंग एकदम शोषला जात नसे व थर समान पसरे. या सोयींमुळे चित्रकाराचे सर्व साहित्य एका झोळीत मावू लागले. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगरांत रेखाटनवही घेऊन हिंडणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढली, त्यामागे आगगाडीइतकाच या रंगपेटीचाही हात आहे. १८४२ मध्ये प्रथम स्कॉटलंडला गेलेली व्हिक्टोरिया राणीदेखील तेथील डोंगरांची जलरंगात रेखाटने करी. १८४६ पासून तिला शिकविणारा विल्यम लेटन लिच हा ग्लासगोचा होता.

या पेटीतील काही रंग भारतातून जात असत. दूरच्या डोंगरांचा आणि ढगांच्या सावल्यांचा निळा-करडा रंग साधण्यासाठी नीळ वापरली जाई आणि ती बंगाल-बिहारच्या निळीच्या शेतांतून येई. ‘इंडियन यलो’ किंवा पिवडी हा तेजस्वी पिवळा रंगही आपल्याकडचाच. बिहारमधील मोंघीरजवळच्या मिर्झापूर नावाच्या खेड्यात गाईंना आंब्याची पाने खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून तो तयार करीत, असे त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी १८८३ मध्ये नोंदविले. अलीकडील रासायनिक तपासणीनेही त्यांच्या नोंदीला दुजोरा दिला आहे. स्कॉटलंडच्या कुरणावर पडलेल्या सायंकाळच्या उन्हात बिहारमधील गवळ्यांचे आणि नीळ पिकविणाऱ्या रयतेचे श्रम अशा रीतीने मिसळलेले आहेत.

रिकाम्या दरीचा प्रश्न

चित्रकाराच्या हातात साधने आली. पण काय पाहावे हे त्याला कोणी शिकविले? अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम गिल्पिन या इंग्लिश पाद्र्याने प्रवासवर्णनांच्या मालिकेतून ‘चित्रोपम’ निसर्गाची कल्पना लोकप्रिय केली. जे दृश्य चित्रात शोभेल ते पाहण्याजोगे, असा तिचा मथितार्थ. खडबडीत कडे, मोडकळीस आलेल्या इमारती व वेडीवाकडी झाडे तिला प्रिय होती. सरळ रेषेत नांगरलेले शेत तिला नीरस वाटे. एका पडक्या मठाच्या भिंती जरा जास्तच नीटनेटक्या दिसतात, तेथे हातोड्याचे दोनचार घाव घातले तर बरे, असे गिल्पिनने सुचविले होते. हायलँड्सविषयीचे त्याचे पुस्तक १७८९ मध्ये निघाले. ते वाचून गेलेल्या प्रवाशांना दरी जितकी निर्जन तितकी ती उदात्त वाटू लागली.

या निर्जनतेलाही कारणे होती. ज्या काळात चित्रकार या दऱ्यांत उतरत होते त्याच काळात तेथील कुळांना जमिनीवरून काढले जात होते. मेंढपाळीतून अधिक उत्पन्न मिळते असे दिसून येताच जमीनमालकांनी दऱ्याच्या दऱ्या मोकळ्या करविल्या आणि त्या मोठ्या मेंढीपालकांना खंडाने दिल्या. सदरलंडच्या जमीनदारीतील स्ट्रॅथनेव्हर या दरीतून १८१४ मध्ये आणि पुन्हा १८१९ मध्ये कुळांना हुसकावण्यात आले. त्यांनी परत येऊ नये म्हणून घरांच्या छपरांना आगी लावण्यात आल्या. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला झाला व त्यात तो निर्दोष सुटला. उठविलेली कुटुंबे समुद्रकाठच्या नापीक पट्ट्यांत वसली किंवा कॅनडाकडे जाणाऱ्या जहाजांत चढली. १८४६ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडल्यानंतर स्थलांतराला आणखी वेग आला.

ही पार्श्वभूमी ठाऊक असल्यास जलरंगातील लहानसहान खुणा बोलू लागतात. डोंगराच्या पायथ्याशी समांतर, किंचित वळणदार वरंब्यांचे पट्टे दिसले, तर ती गावकऱ्यांनी वाटून कसलेल्या जुन्या सामाईक शेतीची खूण असते. सरळ रेषेत धावणारे दगडी कुंपण दिसले, तर तेथे नवी, आखून दिलेली शेती आली असे समजावे. गवती छपरातून धूर झिरपत असेल तर ते जुन्या पद्धतीचे घर होय. पाटीच्या दगडाचे छप्पर, धुराडे आणि चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती ही नव्या व्यवस्थेची लक्षणे आहेत. घराशेजारचा काळपट ढीग हा बहुधा सरपणासाठी कापून वाळत घातलेल्या पीटचा असतो. पीट म्हणजे दलदलीत कुजून दाट झालेली वनस्पतींची माती. आणि छप्पर नसलेल्या चार भिंती दिसल्या, तर त्या केवळ चित्रोपम अवशेष आहेत असे समजून पुढे जाऊ नये. चित्राच्या तारखेच्या वीस वर्षे आधी तेथे चूल पेटत असण्याचा संभव असतो. चित्रकाराने ते लिहून ठेवलेले नसते, पण काढून ठेवलेले असते.

दख्खनमध्ये आलेली नजर

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड गावचा जेम्स वेल्स हा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि पुढील वर्षी पुण्यास पोहोचला. कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याचा त्याला आश्रय मिळाला. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची वेल्सने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. तो लेण्यांची रेखाटनेही करीत असे. याच कामात १७९५ मध्ये तो मरण पावला आणि त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. वेल्सच्या देखरेखीखाली पेशव्यांच्या आश्रयाने पुण्यात जी चित्रशाळा निघाली तिच्याशी गंगाराम तांबट या पुणेकर कलावंताचे नाव जोडलेले आहे. मॅलेटसाठी त्याने कार्ले व वेरूळ येथील लेणी, तसेच पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. परक्या देशाच्या यथार्थदर्शनाची पद्धत आणि स्वतःच्या घडणीतली रेषा या दोहोंना एकाच कागदावर नांदविण्याचा प्रयत्न त्यांत दिसतो. म्हणून दख्खनच्या जलरंगाची कथा केवळ साहेबांच्या वह्यांपासून सुरू करणे योग्य होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेला व्यापारी रूप आले. ग्लासगोत १८२३ मध्ये जन्मलेला विल्यम सिंप्सन हा मूळचा शिलामुद्रक. क्रिमियाच्या युद्धातील चित्रांमुळे त्याचे नाव झाले होते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज वाचकांत भारताविषयी कुतूहल वाढले, तेव्हा लंडनच्या डे अँड सन या मुद्रणसंस्थेने त्याला १८५९ मध्ये भारतात पाठविले. १८६२ पर्यंत तो देशभर हिंडला. परत गेल्यावर रेखाटनांच्या आधारे त्याने मोठ्या ग्रंथासाठी जलरंगातील २५० चित्रे करावयास घेतली. परंतु १८६७ मध्ये ती संस्था बुडाली. ग्रंथ अवघ्या ५० चित्रांनिशी निघाला आणि सिंप्सनची मूळ चित्रे संस्थेच्या मालमत्तेबरोबर विकली गेली. कित्येक वर्षांच्या श्रमांची अशी वासलात लागली.

एडवर्ड लिअर याची रीत वेगळी होती. विनोदी पद्यांमुळे तो जगाला ठाऊक असला तरी त्याचा पोटाचा व्यवसाय भूदृश्यांचा होता आणि १८४६ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीलाही चित्रकलेचे धडे दिले होते. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याच्या निमंत्रणावरून तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईस उतरला. १८७४ मधील पावसाळ्याचा काही काळ त्याने पुण्यात काढला. तो जागेवर पेन्सिलीने झरझर रेखाटन करी. त्यावरच स्थळ, तारीख आणि अनेकदा वेळही टिपून ठेवी. कोणता भाग कोणत्या रंगाचा आहे हे तो शब्दांत लिही. मग सवडीने शाईची रेघ फिरवून वर पातळ रंग चढवी. त्यामुळे लिअरचे रेखाटन पाहताना एकाच कागदावर तीन काळ दिसतात: दृश्य पाहिल्याचा, शाई फिरविल्याचा आणि रंग भरल्याचा. त्यांपैकी पहिला साक्षीचा, उरलेले दोन स्मरणाचे.

डोंगर ओळखण्याची कसोटी

परक्या चित्रकाराने देश किती पाहिला आणि सवयीने किती रंगविला, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. ती म्हणजे डोंगराची कडा. हायलँड्सचे डोंगर हिमनद्यांनी घासलेले आहेत. हे १८४० मध्ये लुई अगासी याने तेथे जाऊन ओळखले. त्यामुळे त्यांचे उतार गोलसर व दऱ्या तळाशी रुंद असतात आणि दमट हवेमुळे मागची रांग पुढच्या रांगेहून फिकट दिसते. जलरंगाचा ओला थर अशा दृश्यासाठीच जणू योजलेला आहे. सह्याद्रीची घडण निराळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांतून तो बनला. म्हणून त्याचे माथे सपाट, कडे उभे आणि अंगावर आडव्या पायऱ्या असतात. हिवाळ्यातील कोरड्या हवेत दहा कोसांवरचा किल्लाही रेखीव दिसतो. रंगाचा थर कुंचला उचलण्यापूर्वीच वाळू लागतो आणि त्याच्या कडा कठीण उमटतात. उलट पावसाळ्यात कागद वाळतच नाही. ज्या चित्रात सह्याद्रीच्या पायऱ्या पुसट होऊन डोंगर गोलसर झालेले आहेत आणि वडाच्या जागी ओकसारखे झाड उभे आहे, त्यात चित्रकाराने पुण्यात बसून आपल्या गावची टेकडी काढली असे समजावे.

सपाट प्रदेशाची अडचण वेगळी असते. छत्तीसगडचे मैदान घ्या. १८५४ पर्यंत रायपूर हे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत बनल्यावर त्यात समाविष्ट झाले. येथील खेड्याचे रूप डोंगराने ठरत नाही. भाताची बांधबंदिस्तीची शेते, गावाचा तलाव, त्याच्या पाळीवरची झाडे आणि त्यांवर पसरलेले अफाट आकाश ही त्याची अंगे आहेत. चित्रोपम कल्पनेच्या चौकटीत असे दृश्य बसत नाही. ते रेखाटावयाचे तर क्षितिजरेषा खाली आणून दोनतृतीयांश कागद आकाशाला द्यावा लागतो. रायपूरला लागून असलेले बीरगांव आज उरला औद्योगिक क्षेत्राच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. तेथे क्षितिजावर पाळीवरील झाडांच्या जागी धुराडी दिसतात. एखाद्या विद्यार्थ्याने तलाव, शेत आणि कारखान्याची भिंत यांचे साधे, तारीखवार रेखाटन आज केले, तर पन्नास वर्षांनी ते जमिनीच्या वापराचा कागदोपत्री पुरावा ठरेल. स्कॉटिश चित्रकारांनाही आपण पुरावा तयार करीत आहोत याची जाणीव क्वचितच होती.

स्वतःच्या भूमीचे चित्र

१८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. या संस्थांतून शिकलेल्या आणि पुढे आलेल्या मराठी चित्रकारांच्या हाती पारदर्शक जलरंग आला, तेव्हा त्याचे प्रयोजन बदलले. मोजणीदाराला मुलूख हवा होता आणि प्रवाशाला आठवण हवी होती. या चित्रकारांना आपले रोजचे जग हवे होते. महादेव विश्वनाथ धुरंधर, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्यासारख्यांनी जलरंगावर जे प्रभुत्व मिळविले त्यात घाट, देवळे, बाजार आणि पाणवठे ओळखीच्या उन्हात उभे आहेत. त्यांतील माणसे दृश्याचे प्रमाण कळावे म्हणून पेरलेली नाहीत. ती आपल्या कामाला निघालेली आहेत.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे याच कलाशाळेचे विद्यार्थी. शाहू छत्रपतींनी त्यांना आश्रय दिला. नावलौकिक मिळविण्यासाठी मुंबईत न राहता त्यांनी कोल्हापुरात कोटितीर्थाच्या परिसरात वास्तव्य केले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ ही स्थळे निरनिराळ्या प्रहरी पुन्हापुन्हा रंगविली. एकच तळे सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला पाहणाऱ्याला स्थळ कमी व प्रकाश अधिक दिसू लागतो. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यावर शोकाकुल होऊन त्यांनी आपली पुष्कळशी चित्रे पाण्यात सोडून दिली, अशी कथा सांगितली जाते. १९३१ मध्ये आबालालही गेले. डिंकाने बांधलेला रंग वाळला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो. त्या चित्रांतील जी जलरंगात होती त्यांचे तळे तळ्यातच विरघळून गेले असेल.

उजेडाचा घास

पाण्याहून सावकाश, परंतु तितकेच निश्चित काम उजेड करतो. पातळ थरातील थोडेसे रंगद्रव्य सूर्यप्रकाशात विटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये यावरून मोठा वाद झाला. अखेर सरकारी कलाविभागासाठी विल्यम रसेल आणि विल्यम ॲबनी या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून १८८८ मध्ये अहवाल दिला. रंगविलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत ठेवून त्यांनी त्या उन्हात ठेवल्या. काहींत कोरडी हवा होती, काहींत दमट आणि काहींतील हवा काढून टाकलेली होती. जेथे हवा व ओल नव्हती तेथे बहुतेक रंग टिकून राहिले. म्हणजे प्रकाश, हवा आणि ओल या तिघांच्या संगनमताने रंग नाहीसा होतो.

सर्व रंग सारख्या वेगाने जात नाहीत, ही यातील घातक गोष्ट आहे. लाखेचे व किरमिजी तांबडे रंग लवकर उडतात. नीळही टिकत नाही. मातीपासून केलेले रंग, म्हणजे काव, गेरू व त्यांसारखे, मात्र तसेच राहतात. अनेक चित्रकार ढगांचा करडा रंग नीळ व तांबडी माती मिसळून करीत. नीळ उडाली आणि माती उरली म्हणजे पावसाळी आकाश तांबूस होते आणि पाहणारा त्याला सूर्यास्त समजतो. नीळ आणि पिवळा मिळून केलेले हिरवे कुरण नीळ गेल्यावर पिवळे पडते आणि वसंत ऋतूचा शरद होतो. अशा चित्रावरून हवामानाचे किंवा पिकांचे अनुमान काढणाऱ्याची सहज फसगत होते. चौकटीच्या लाकडाखाली झाकलेली कागदाची कड पाहिली तर मूळ रंग काय होता ते कळते. संग्रहालयातील जाणकार प्रथम ती कड पाहतात.

हेन्री व्हॉन या संग्राहकाला याची पूर्ण जाणीव होती. त्याने मृत्युपत्राद्वारे दिलेली टर्नरची ३८ जलरंगचित्रे १९०० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाकडे आली. १८३१ च्या दौऱ्यातून उतरलेले, पोस्टकार्डाहून फारसे मोठे नसलेले स्काय बेटावरील कोरस्क सरोवराचे चित्र त्यांत आहे. ही चित्रे जनतेला विनामूल्य दाखवावीत, पण फक्त जानेवारी महिन्यात, अशी त्याची अट होती. कारण स्कॉटलंडमध्ये त्या महिन्यात उजेड सर्वांत मंद असतो. वर्षातील उरलेले अकरा महिने ही चित्रे अंधारात असत. त्यामुळे त्यांचे रंग आजही ताजे आहेत.

आपल्याकडे जानेवारीचे ऊनही त्या कामाचे नाही. शिवाय कोकणात ओल आहे, कागद खाणारी कसर आहे आणि सर्वत्र धूळ आहे. जुन्या वाड्यांत, शाळांच्या दिवाणखान्यांत आणि संस्थानिकांच्या संग्रहांत अजूनही जलरंगातील चित्रे भिंतीवर टांगलेली आढळतात, पुष्कळदा खिडकीसमोरच. त्यांना वाचविण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. चित्र उन्हाच्या झोतापासून दूर ठेवावे. काच कागदाला टेकू देऊ नये. मागे आम्ल नसलेला पुठ्ठा असावा, भिंत ओली नसावी आणि वर्षातून काही महिने ते उतरवून कोरड्या जागी झाकून ठेवावे. चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली स्थळाची व तारखेची ओळ खोडली जाणार नाही, याची काळजी सर्वांत आधी घ्यावी. रंग उडालेल्या चित्रावरूनही त्या ओळीच्या आधारे ती जागा शोधून काढता येते आणि तेथे उभे राहून काय गेले व काय उरले, याचा हिशेब मांडता येतो.